बसून राहा, अक्का

गेल्या दिवाळीत नात चार दिवस राहून गेली. फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारी चिवड्याची वाटी मांडीवर घेऊन ती पुस्तक वाचत बसली होती आणि मी शेजारी पेपर चाळत होतो. सहज विचारले, काय वाचतेस? म्हणाली, "आबा, सीओपीडीच्या पेशंटला व्यायाम कसा द्यायचा ते." मला वाटले माझ्या ऐकण्यातच चूक झाली. ज्याला न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागते त्याला व्यायाम?

"म्हणजे चालायला लावायचं?"

"चालायला लावायचंच. शिवाय वजनं उचलायला लावायची. पायाला वाळूची पिशवी बांधून पाय वर करायचा, असं."

मी चष्मा काढून ठेवला. त्या दिवशी पुढे पेपर वाचलाच नाही.

माझी थोरली बहीण अक्का. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई कायम आजारी, म्हणून मला वाढवले ते अक्कानेच. सतराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि वाईच्या पलीकडच्या एका गावात ती गेली. पस्तीस-छत्तीस वर्षे चुलीपुढे बसली. तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली लाकडे. फुंकणी तिच्या हातातली सुटायची नाही. विडी-तंबाखूला कधी शिवली नाही, पण पन्नाशीच्या आत खोकला आणि धाप सुरू झाली. घरचे म्हणाले दमा आहे. 1993 च्या मे महिन्यात मी तिला साताऱ्याला एका डॉक्टरांकडे नेले. माणूस भला होता, मास्तर म्हणून फी निम्मीच घेतली. तपासून म्हणाले, फुप्फुसे पार खराब झाली आहेत, आता कामधाम बंद, संपूर्ण विश्रांती.

मी शिस्तीचा माणूस. घरी जाऊन सगळ्यांना बजावले. माजघरात खिडकीशी खाट टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का सवयीने कळशी घेऊन आडाकडे निघाली, तर मी ती तिच्या हातातून काढून घेतली. म्हणालो, बसून राहा, अक्का. ती बसली. पाच वर्षे बसली. आधी पिंढऱ्या गेल्या, मग मांड्या, मग बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. शेवटी शेवटी खाटेवरून उठवायला दोन माणसे लागत. 1998 साली गेली. छातीने खाल्ली बाईला, असे सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो.

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. "हे केव्हापासून?" हा प्रश्न विचारायची खोड त्यामुळे जडलेली. नातीला म्हटले, हा व्यायाम केव्हापासून देतात ते मला शोधून दे. ती बिचारी वर्षभर कागद पाठवत राहिली. मी शब्दकोश घेऊन वाचत राहिलो, अडले की तिला फोन. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. डॉक्टरकीतले मला काही कळत नाही, तेव्हा वाचकांनी हे औषधोपचार म्हणून न वाचता इतिहास म्हणून वाचावे.

छातीच्या रोग्याने पडून राहावे ही कल्पना आली क्षयरोगातून. क्षय या शब्दाचाच अर्थ झिजणे. दक्षाच्या शापाने चंद्राला क्षय लागला ती कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ग्रीकांचा या रोगासाठीचा शब्दही झिजण्यावरूनच आला आहे. रोग छातीत आणि झीज सगळ्या अंगात, हे जुन्या लोकांनी नीट पाहिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत सॅनिटोरियमे निघाली. डोंगरावरची हवा, दूध-अंडी आणि व्हरांड्यात खाटेवर तासन्‌तास पडून राहणे. आमच्या वाईच्या डोक्यावर पाचगणी. तिथेही आजारी माणसे येऊन राहत. घाटातून वर जाणारी मोटार दिसली की आमची आजी म्हणायची, कुणीतरी हवा खायला चालले. फुप्फुसाला विसावा दिला की जखम भरते, असा त्यामागचा विचार. हात मोडला की झोळीत ठेवतात, तसाच.

या विचाराला छेद देणारा एक माणूस मात्र फार लवकर होऊन गेला. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयाने सरे परगण्यात फ्रिमली येथे सॅनिटोरियम काढले. तिथे 1905 पासून मार्कस पॅटरसन नावाचा डॉक्टर प्रमुख होता. त्याने क्षयाच्या रोग्यांना कामाला लावले. आधी नुसते चालणे, ते वाढवत न्यायचे. मग मातीच्या लहान टोपल्या वाहायच्या. मग लहान फावडे, त्यानंतर मोठे फावडे, शेवटी कुदळ. प्रत्येकाचा ताप रोज मोजून पायरी ठरायची. 1911 साली त्याने यावर पुस्तकही लिहिले. त्याचे म्हणणे असे की श्रमाने रोगाचे विष थोडे थोडे रक्तात उतरते आणि शरीर आपली आपणच लस टोचून घेते. ही उपपत्ती पुढे टिकली नाही. पण विद्यार्थ्याने चुकीच्या रीतीने गणित सोडवून बरोबर उत्तर आणावे, तसे काहीसे झाले होते. असे पेपर मी पुष्कळ तपासले आहेत. रीत चुकली की मार्क कापायचे हा आमचा नियम. वैद्यकानेही तेच केले, आणि उत्तरही रीतीबरोबर टाकून दिले.

दुसरा माणूस न्यूयॉर्कचा, ॲल्व्हन बॅराक. याची गोष्ट मला सर्वांत जास्त आवडली. 1940 च्या सुमारास याने क्षयरोग्यांसाठी एक पेटी वापरली. रोग्याला तिच्यात निजवायचे आणि हवेचा दाब असा खालीवर करायचा की छाती न हलवताच श्वासोच्छ्वास व्हावा. विश्रांतीचे याहून पुढचे टोक कोणते असणार? आणि याच माणसाने बारा वर्षांनी, 1952 साली, आपल्या सहकाऱ्यांसह नेमके उलटे लिहिले. एम्फिसेमा, म्हणजे फुप्फुसातले वायुकोश फाटून सैल पडण्याचा रोग, असलेल्या माणसांना त्याने ऑक्सिजन देऊन चालायला लावले. हळूहळू ती ऑक्सिजनशिवायही पूर्वीपेक्षा जास्त चालू लागली. खेळाडूची तयारी करून घ्यावी तसा हा बदल दिसतो, अशा अर्थाचे त्याने नमूद केले. फुप्फुस तर तेच होते, फाटलेले. मग सुधारले काय? याचे उत्तर मिळायला पुढे चाळीस वर्षे लागली.

मधल्या काळात खाटेवरचा विश्वास इतर बाजूंनी ढासळत होता. 1947 साली लंडनच्या रिचर्ड ॲशर या डॉक्टरने अंथरुणात पडण्याचे धोके सांगणारा एक खुसखुशीत लेख लिहिला. आपल्याकडे मद्रासला 1956 साली क्षयरोगाचे एक संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे 193 गरीब रोगी घेतले, निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात, तीच औषधे देऊन. घरच्यांना ना चांगले अन्न, ना विश्रांती. वर्षाअखेरीस निकाल दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. 1959 साली तो प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या सॅनिटोरियमांचा आधारच गेला. औषध काम करत होते, खाट नव्हे. आपल्या देशात झालेला एवढा मोठा प्रयोग, पण शाळेच्या कुठल्या पुस्तकात मी तो कधी पाहिला नाही. मीही शिकवला नाही, कारण मलाच ठाऊक नव्हता.

आणि 1966 साली अमेरिकेत डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवून पाहिले. तेवढ्यात त्यांची दमश्वासाची ताकद एवढी घसरली की पाहणारे चकित झाले. त्याच पाचजणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीने जेवढे नुकसान केले त्याहून त्या तीन आठवड्यांनी जास्त केले होते असे दिसले. तीन आठवडे! हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. अक्काची पाच वर्षे मी बोटांवर मोजत होतो.

छातीच्या जुनाट विकाराच्या रोग्यांसाठी रीतसर कार्यक्रम आखला तो डेन्व्हरच्या टॉमस पेटी यांनी. डेन्व्हर हे समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवरचे, विरळ हवेचे गाव. बरोबर नेता येईल असा ऑक्सिजन, श्वास घेण्याचे शिक्षण, चालणे आणि घरच्यांना समजावणे, असे सगळे एकत्र करून त्यांनी 1969 साली मांडले. माणसे चालू लागली, रुग्णालयातले दिवस कमी झाले. पण फुंकर मारून फुप्फुस मोजायच्या यंत्रावर आकडा मात्र तिथेच. डॉक्टर मंडळींना हा आकडा फार प्रिय. तो हलत नाही म्हणजे रोग हललेला नाही, आणि रोगी बरे वाटते म्हणतो ते त्याच्या मनाचे समाधान, असे पुष्कळांनी ठरवून टाकले. 1981 साली अशा रोग्यांच्या स्नायूंचे तुकडे काढून तपासले, तर व्यायामानंतरही त्यांच्यात फरक नव्हता. मग तर संपलेच. धाप आधी लागते, त्यामुळे स्नायूला घाम फुटेल इतका व्यायाम यांच्याकडून होणारच नाही, असा निष्कर्ष रूढ झाला. आज कळते की तेव्हा दिलेला व्यायामच फार हलका होता.

एक गोष्ट मात्र या काळात चांगली झाली. यंत्राऐवजी माणसाची चाल मोजायला सुरुवात झाली. अमेरिकेच्या हवाई दलातल्या केनेथ कूपरने 1968 साली बारा मिनिटे धावण्याची चाचणी काढली होती. 1976 साली तीच बारा मिनिटे चालण्याची करून जुनाट खोकल्याच्या रोग्यांवर वापरली गेली. बारा मिनिटे रोग्यालाही जड जातात आणि मोजणाऱ्यालाही, म्हणून 1982 साली ब्रॉम्प्टनच्या डॉक्टरांनी सहा मिनिटेही पुरतात असे दाखवले. पॅटरसनचे तेच ब्रॉम्प्टन. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात बोळातून सहा मिनिटे येरझारा घालायला लावतात, ती ही चाचणी.

खरा उलगडा 1990 नंतर झाला, आणि तो अगदी साध्या प्रश्नातून. कॅनडात हॅमिल्टन येथे किलियन, जोन्स आदी मंडळी रोग्यांना सायकल मारायला लावत आणि थांबले की विचारत, का थांबलात? सगळे "दम लागला" म्हणतील अशी अपेक्षा. पण कितीतरी जण म्हणाले, पाय भरून आले. हा निष्कर्ष 1992 चा. म्हणजे तोवर सगळे डॉक्टर छातीला नळी लावून ऐकत होते आणि तक्रार पाय करत होते.

मग पाय पाहायला सुरुवात झाली. बेल्जियममध्ये लूव्हेन, हॉलंडमध्ये मास्ट्रिख्ट, कॅनडात क्वेबेक, सगळीकडे मांड्या मोजणे चालू झाले. नातीने मला समजावले ते असे. आपल्या स्नायूत दोन प्रकारचे धागे असतात, एक बैलासारखे, सावकाश पण दिवसभर ओढणारे, आणि दुसरे घोड्यासारखे, जोरात धावून लवकर थकणारे. (बैल-घोडा माझे, तिच्या पुस्तकात नाहीत.) या रोग्यांच्या मांडीतले बैल कमी होतात आणि घोडे उरतात. मग चार पावले टाकली की स्नायूत आम्ल साचते. ते आम्ल निस्तरायला शरीराला जास्त श्वास घ्यावा लागतो, आणि जास्त श्वास घेणे हीच तर या फुप्फुसांची अडचण. धाप लागते म्हणून माणूस बसतो, बसतो म्हणून मांडी जाते, आणि मांडी गेली की धाप आणखी लवकर लागते. शिवाय रोगाचा दाह रक्तातून अंगभर फिरतो, नुसता श्वास ओढण्यातच अन्नाची ऊर्जा खर्च होते, आणि जेवताना दम लागतो म्हणून ताटात अन्न तसेच राहते. आणखी एक. लूव्हेनच्या डेक्रामर यांनी 1994 साली दाखवले की दम कमी करायला दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या वरचेवर घेतल्या की स्नायू दुबळे होतात. अक्काच्या उशाशी बारक्या पांढऱ्या गोळ्यांची पुडी कायम असे. धाप वाढली की ती आपल्या मनानेच दोन जास्त घ्यायची. दुकानदारही देत असे.

आता उपायाकडे येतो. 1991 साली कॅसाबुरी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी 19 रोग्यांचे दोन गट केले. एकूण काम सारखेच, पण एका गटाला जोरकस व्यायाम, दुसऱ्याला हलका. आठ आठवड्यांनी जोरकस व्यायामवाल्यांच्या रक्तात तेवढ्याच कामाला आम्ल कमी साचत होते आणि श्वासही कमी लागत होता. 1996 साली क्वेबेकच्या माल्ते आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मांडीचे तुकडे तपासले, आणि या खेपेला स्नायू बदललेला दिसला. मनाचे समाधान म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले. बॅराकच्या 1952 च्या रोग्यांमध्ये सुधारले होते ते हे.

आणि वजने? त्याच हॅमिल्टनमध्ये 34 रोग्यांपैकी काहींना आठ आठवडे वजने उचलायला लावली, बाकीच्यांना नाही. ठरावीक जोरावर सायकल मारण्याची त्यांची वेळ सरासरी 518 सेकंदांवरून 898 सेकंदांवर गेली. म्हणजे साडेआठ मिनिटांची पंधरा मिनिटे. चालण्याचे अंतर फारसे वाढले नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. पण वजने उचलून कुणाचे फुप्फुस फुटले नाही. वजनाच्या व्यायामाची धाप मुळात कमीच लागते, कारण एका वेळी एकच अवयव थोडा वेळ काम करतो. नात म्हणते म्हणूनच ज्याला चालवत नाही त्याला आधी हे द्यायचे.

अन्नाचे काम मास्ट्रिख्टच्या आनेमी स्कोल्स यांनी मोठे केले. वजन घटणे हे या रोगाचे ललाटलेख नाही, व्यायामाबरोबर पोषक आहार देऊन आठ आठवड्यांत ज्यांचे वजन दोन किलोपेक्षा जास्त वाढले ते पुढे जास्त जगले, असे त्यांनी 1998 साली लिहिले. काट्यावर वजन ठीक असूनही आतून स्नायू गेलेला असू शकतो, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. 2002 साली क्वेबेकच्या मंडळींनी तर मांडीचा आडवा छेद यंत्रात पाहून सांगितले की रोगी किती जगेल याचा अंदाज अंगाच्या वजनापेक्षा मांडीच्या जाडीवरून चांगला बांधता येतो.

मग माणसाचा स्वभाव. एवढे कष्ट कशाला, गोळीच काढू. स्नायू वाढवणारी संप्रेरके देऊन पाहिली. स्नायू वाढले, काही ठिकाणी ताकदही वाढली, पण दमसास त्या प्रमाणात नाही. अलीकडे, 2019 साली, एका नव्या इंजेक्शनचा प्रयोग 67 रोग्यांवर प्रसिद्ध झाला. मांडीचा स्नायू खरोखर वाढला. सहा मिनिटांच्या चालण्यात काही फरक पडला नाही. मला हे वाचून हसू आले आणि थोडे बरेही वाटले. जे अंथरुणातून उठूच शकत नाहीत त्यांच्या मांडीला विजेचे हलके झटके देऊन स्नायू हलवतात, त्याचा मात्र उपयोग होतो असे 2016 च्या एका प्रयोगात दिसले. पण झटके थांबवले की फायदाही ओसरतो.

2015 साली व्यायामाच्या 65 प्रयोगांचा, 3822 रोग्यांचा एकत्र हिशोब झाला. तो इतका स्पष्ट होता की व्यायाम द्यावा की न द्यावा हे तपासणारे आणखी प्रयोग आता नकोत, असे सांगून ती फाईल बंद करण्यात आली. वैद्यकात अशी फाईल क्वचितच बंद होते म्हणे. आणि तरीही हा व्यायाम मिळतो किती जणांना? परदेशातही थोड्यांनाच, आपल्याकडे तर शहराबाहेर नावही कुणी ऐकलेले नसते. औषध लिहायला एक मिनिट लागते. माणसाला आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा बोलावून चालवायचे तर माणसे लागतात, जागा लागते, आणि रोग्याला बसचे भाडे.

हा रोग विडी-सिगारेटचा असेच जगाने पूर्वी धरले होते. 2009 साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी "लॅन्सेट"मध्ये सविस्तर लिहिले की धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. ते वाचताना मला तुराट्यांचा वास आला.

मी तारखा पुन्हा पाहिल्या. हॅमिल्टनचा वजनांचा लेख 1992 चा. मी अक्काच्या हातातून कळशी घेतली ती मे 1993 मध्ये. साताऱ्याच्या त्या डॉक्टरांकडे तो लेख कुठून पोचणार? माझ्याकडे कुठून पोचणार? नात म्हणाली, "आबा, तेव्हा सगळेच असं सांगायचे. तुम्ही काय करणार होतात?" खरे आहे. पण ती सकाळ मला आठवते. अक्काला धाप होती तरी ती आडापर्यंत जात होती, मध्ये पेरूच्या झाडाला टेकून थांबायची आणि पुन्हा निघायची. थांबायचे आणि पुन्हा निघायचे, हेच आज शिकवतात, त्याला काहीतरी लांबलचक नाव आहे. ती कुणी न शिकवता करत होती.

ती कळशी आमच्या घरी आहे. तांब्याची, बेताची, कडेला चेपलेली. अक्का गेल्यावर भाच्याने आणून दिली. नात परवा पुन्हा आली तेव्हा तिने ती नळाखाली भरली आणि स्वयंपाकघरातल्या मापाने पाणी मोजून काढले. सहा लिटर आणि वर थोडे. मग मला म्हणाली, "पहिल्या आठवड्याला हे जास्त आहे, आबा. अर्धी भरून सुरुवात केली असती."